जत्रांच्या साइटला जागा शोधताना

आमची साइट पहिल्यांदा बंद पडली ती ऐन दुपारी, माझ्या माहेरच्या जत्रेत. अंगणात पंगत बसली होती. मी भाकरीची बुट्टी काखेत धरून वाढत होते आणि कमरेला खोचलेला फोन सारखा वाजत होता. शेवटी घेतला. बोरगावचा कुणी पाळणेवाला होता.

"ताई, तुमचं ते जत्रेचं पान उघडंना झालंय. उद्याच्या गावाला कुठनं शिरायचं? पाळणा ट्रकात चढवलाय."

त्याला रस्ता सांगून ठेवते तोवर दुसरा फोन. मग तिसरा. कुस्त्या किती वाजता, रथ कधी निघणार, गाड्या कुठं लावायच्या. मी बुट्टी वहिनीच्या हातात दिली आणि घरामागच्या गोठ्याशेजारी जाऊन साइट उघडून बघितली. पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. तुमच्या साइटवर मर्यादेपेक्षा जास्त लोक आल्यामुळं खातं तात्पुरतं थांबवलं आहे.

माझे सासरे, म्हणजे आमचे आप्पा, पंगतीत पहिल्याच पानावर बसले होते. त्यांना येऊन सांगितलं तर हातातला घास तसाच धरून ते माझ्याकडं बघत राहिले.

"लोक आले म्हणून बंद?"

"व्हय."

"मग साइट कशाला काढतंय माणूस? जत्रा भरली म्हणून देऊळ बंद केल्यागत झालं की हे!"

पंगतीत हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशीचा रथ मी पाहिलाच नाही. गोठ्याशेजारी उभी राहून फोन घेत राहिले, तेवढीच माझी जत्रा.

ही साइट खरं तर आप्पांमुळं झाली. मी खानापूर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन बेळगावातल्या वडगावात आले. सासरी घरात विजेवर चालणारे कापडाचे माग. माझा नवरा कारखान्यात नोकरीला आणि मी एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. आप्पांनी आयुष्यभर माग चालवला, पण त्यांचा जीव जत्रांत. स्कूटर काढायची आणि निघायचं. बेळगावच्या आसपास, खानापुराकडं, निपाणीपर्यंत, कुठल्या गावची जत्रा कुठल्या वारी, पालखी कुठल्या गल्लीतून फिरते, कुस्त्यांचं मैदान देवळाच्या कुठल्या अंगाला, सगळं त्यांच्या डोक्यात. घरी दिवसभर फोन यायचे. "आप्पा, यंदा अमक्या गावची कवा हाय?" मराठीत विचारलं तर मराठीत सांगायचे, कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्ये. जेवताना सुद्धा उजवा हात ताटात आणि डाव्या हातात फोन.

कॉलेजात मी वेबसाइट करायला शिकले होते. एका रविवारी मी सहज म्हणाले, "आप्पा, हे सगळं मी एका पानावर घालते. लोक आपापलं बघतील, तुम्ही निवांत जेवा."

तसं एक पान झालं. मग गावागणिक एक पान. मग तेच सगळं कन्नडमध्ये. आम्हाला वाटलं होतं की भाऊबंदांतली माणसं बघतील. पण पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकी बघायला लागल्या. फौजेतली पोरं रजेचा अर्ज टाकायच्या आधी बघायला लागली. पाळणेवाले, फुगेवाले, उसाच्या रसाची गाडी लावणारे त्यावरून आपला फिरायचा मार्ग ठरवायला लागले. वाढत चाललेल्या मुलाकडं बघत राहावं तशी मी रोज संध्याकाळी आलेल्या माणसांचा आकडा बघायची.

पण साइटला ठेवलं होतं सगळ्यांत स्वस्त जागेत. एकाच मशीनवर शेकडो साइट, कुणाला किती मिळेल याचा भरवसा नाही. वर्षातले बरेच महिने तिथं छान चालायचं. जत्रांचा हंगाम आला की गुदमरायचं.

माहेरच्या त्या फजितीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. क्लाउडवर आख्खा सर्व्हर भाड्यानं घेतला, रिकामा, आणि त्याचं सगळं मीच बघायचं ठरवलं. व्हिडिओ बघून बघून शिकले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करताना पाहून सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून तिकडं मुंबईतलं मशीन इथनं चालवती." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. साइट वाऱ्यासारखी पळायला लागली.

पुढं लक्षात आलं की मशीन आपलं म्हटलं की त्याची राखणही आपलीच. आज हे अपडेट, उद्या ते. कुठल्या तरी देशातून कुणीतरी सारखा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय, त्याला अडवा. साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलं, ते नवं घ्या. साइटवर नवं गाव घालायला म्हणून बसावं आणि अख्खा वेळ या असल्या कामात जावा. आप्पा हातात चहा घेऊन विचारायचे, "त्या यमकनमर्डीकडच्या गावाचं घातलंस का?" आणि मी म्हणायची, "न्हाय हो आप्पा, आज कुलपंच बदलत बसलेय."

कळस झाला तो नणंदेच्या लग्नात. खासबागेतल्या मंगल कार्यालयात अक्षता पडायच्या बेतात होत्या आणि साइट पुन्हा बंद. रोजच्या बॅकअपच्या प्रती मी त्याच मशीनवर साठवत होते. त्या साठून साठून जागा भरली होती आणि सगळं ठप्प झालं होतं. नवरीच्या खोलीत, मेकअपच्या डब्यांच्या गर्दीत मी लॅपटॉप उघडून बसले. जुन्या प्रती पुसायला घेतल्या, पण एकेक नाव दोनदा वाचत होते, कारण एखादी भलतीच फाइल पुसली असती तर सगळंच गेलं असतं. सासूबाई दारातून डोकावल्या.

"नवरीपरास तूच जास्त घामाघूम झालीयास की गं!"

साइट सुरू झाली. मी धावत बाहेर आले तोवर शेवटची मंगलाष्टकं म्हणून झाली होती. मुठीतल्या अक्षता मी नवराबायको खाली उतरल्यावर टाकल्या. नणंद हसली, पण नंतर फोटो बघताना एकाही फोटोत मी नाही हे तिनंच दाखवलं.

त्या दिवशी घरी परत येताना स्कूटरवर नवऱ्यानं विचारलं, "तुला साइट आवडती का सर्व्हर?"

"साइट."

"मग सर्व्हर बघायला दुसरं कुणीतरी ठेव की."

एवढं साधं मला आधी सुचलं नव्हतं. शोधायला लागले तेव्हा कळलं की अशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत. क्लाउडवरची जागा त्यांची, तिची देखभाल, राखण, बॅकअप सगळं त्यांच्याकडं. आपण फक्त आपली साइट बघायची. अशा कंपन्याही ढीगभर आणि प्रत्येकीच्या पानावर मोठमोठी वचनं.

आप्पांना हे काही पटेना. आपली साइट कुठं आहे हे दिसत नाही याचंच त्यांना वाईट वाटायचं. जुना एक माग विकल्यावर खोलीत जागा मोकळी झाली होती. तिथं त्यांनी स्वतः झाडून काढलं, एक टेबल आणून ठेवलं आणि मला बोलावलं.

"हितं ठेव तुझं मशीन. माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल. मी हाय की दिवसभर."

"आप्पा, मशीन कधीच बंद पडून चालत न्हाय."

"कशाला बंद पडतंय? मी कुणाला हात लावू देणार न्हाय. हितं त्याला काय म्हणता काय होणार..."

आणि वीज गेली. शेजारचा माग खडाखडा वाजत होता तो मध्येच थांबला, पंखा हळूहळू थांबला, गल्लीतले सगळेच माग एकदम गप्प झाले. आधी आप्पांच्या मिशा हलल्या, मग दोघंही हसायला लागलो. टेबलाचा उपयोग पुढं सासूबाईंनी पापड वाळवायला केला.

मी कंपन्यांशी बोलायला सुरुवात केली. विचारायचं काय ते आता अनुभवानं ठरलं होतं. एकदम गर्दी झाली तर जागा वाढणार कशी, मी सांगितल्यावर की आपोआप? बॅकअप त्याच मशीनवर ठेवता की दुसरीकडं, आणि त्यातून परत आणायला किती वेळ लागतो? अडचण आली तर माणूस बोलणार का? उद्या आम्हाला तुमची कंपनी सोडायची झाली तर आमचं सगळं आम्हाला देणार का? आप्पांना फोनवरचं बोलणं ऐकायचं असायचं, म्हणून स्पीकर चालू करून मधे ठेवायची.

पहिल्या कंपनीचा तरुण फार गोड बोलला. आप्पांनी मध्येच गाव विचारलं तर त्याचं आजोळ गोकाककडचं निघालं. झालं! तिथल्या जत्रेवर दोघांचं कन्नडमध्ये असं रंगलं की मी उठून भात टाकून आले. परत येऊन मी विचारलं, बॅकअप परत कसा आणता, ते मला करून दाखवाल का? तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं तशी वेळच येत नाही."

फोन ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "ह्येलाच दे. लई गुणी पोरगं हाय."

"आप्पा, आपण जावई बघत न्हाय."

आप्पा रुसले. चहा त्यांनी सासूबाईंकडं मागितला.

दुसरी एक मोठी परदेशी कंपनी. तिच्याकडं सगळं काही होतं, इतकं की कुठलं बटण आपल्यासाठी आहे तेच कळेना. मदत मागितली की लांबलचक लेखांचे दुवे यायचे. शिवाय गर्दी झाली तर बिल कुठवर जाईल याला वरची हद्द कशी घालायची, हे समजायलाच मला आणखी एक पदवी घ्यावी लागली असती.

तिसऱ्या ठिकाणी फोनवर एक बाई आल्या. बेंगळूरुहून बोलत होत्या, इंजिनियर होत्या. हिंदी आणि कन्नड मिसळून, सावकाश बोलायच्या. मी माझे प्रश्न काढले तर त्याच उलट विचारायला लागल्या. साइटवर गर्दी वर्षभर असते की ठरावीक दिवसांत? लोक नुसतं वाचतात की काही भरतातही? एकाच गावाचं पान जास्त बघितलं जातं का? हे आम्हाला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं की हंगामात लोक येतात, नुसतं वाचतात आणि ज्या गावची जत्रा त्याच गावाच्या पानावर तुटून पडतात.

"मग तुम्हाला सगळ्यांत मोठी योजना नको," त्या म्हणाल्या. "तेच पान सगळे वाचतात तर आपण ते तयार करूनच ठेवू, प्रत्येकासाठी नव्यानं बनवायला नको. एरवी लहान जागा पुरेल. हंगामात आपोआप वाढेल, आणि कुठवर वाढू द्यायची ती हद्द तुम्ही ठरवा."

आप्पांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. पुढं त्या म्हणाल्या, "एक मात्र आधीच सांगते. सर्व्हर आम्ही बघू. तुमच्या साइटच्या आत तुम्ही लिहिलेलं काही चुकलं तर ते तुम्हालाच दुरुस्त करावं लागेल. आम्ही फक्त कुठं चुकलंय ते दाखवू." काय करणार नाही हे स्वतःहून सांगणारी ही पहिलीच. मला तिथंच अर्धा निर्णय झाल्यासारखं वाटलं.

तरी मी परीक्षा घ्यायची ठरवली. त्यांनी काही दिवस वापरून बघायला दिलं होतं, तिथं साइटची प्रत चढवली. म्हटलं, एक गाव मुद्दाम पुसते आणि बॅकअपमधून परत येतं का बघते.

आप्पा गंभीर झाले. "कुठलं गाव पुसणार?"

"कुठलंही. खऱ्या साइटवर हातच लावत न्हाय, ही नुसती प्रत आहे."

"आपलं नको. तुझ्या माहेरचंबी नको. लक्ष्मीचं गाव तर अजिबात नको."

असं करत करत एकही गाव उरेना. प्रत्येक गावाला देव होता आणि कुठल्याच देवाला पुसायला आप्पा तयार नव्हते. शेवटी आम्ही एक खोटं गाव तयार केलं. नाव आप्पांनी शोधलं, देव त्यांनी बसवला, पालखीचा मार्ग सांगितला, निकाली कुस्त्या लावल्या, जत्रेत बैलगाडीच्या शर्यतीही ठेवल्या. इतकं छान गाव झालं की पुसताना मलाच कसंतरी झालं. पुसलं, आणि त्या बाईंना कळवलं. त्यांनी आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून, बाकीच्या पानांना धक्का न लावता, तेवढंच गाव परत आणून दिलं. चहा गार व्हायच्या आत देव आपल्या जागी हजर!

आप्पा इतके खूश झाले की त्यांनी त्या पानाचा दुवा आपल्या सगळ्या दोस्तांना फोनवर पाठवला. काय पाठवतोय ते मात्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी निपाणीच्या एका फुगेवाल्याचा फोन आला.

"आप्पा, हे गाव कुठं आलं म्हणायचं? लई मोठी जत्रा दिसतीया, आणि मला कसं म्हाईत न्हाय?"

आप्पांनी जीभ चावली आणि फोन माझ्याकडं दिला. समजावून सांगितल्यावर तो फुगेवाला खळखळून हसला, पण शेवटी म्हणाला, "असतं तर बरं झालं असतं ताई. शर्यतीबी होत्या."

एका सोमवारी सकाळी साइट त्या बाईंच्या कंपनीच्या जागी हलवली. पत्ता तोच, फक्त तो आता दुसऱ्या मशीनकडं बोट दाखवणार होता. साइटचं नाव आमच्याच मालकीचं राहील, हे मी आधी पक्कं करून घेतलं होतं. हलवताना काहीतरी धडामधूम होईल म्हणून मी शाळेतून सुट्टी काढली होती. काहीच झालं नाही. दुपारी मी कपाट आवरलं.

अडचणी आल्याच नाहीत असं नाही. एका गावची तारीख पुढं गेली, मी मराठी आणि कन्नड दोन्हीकडं बदलली, पण कन्नडच्या पानावर तासभर जुनीच दिसत राहिली. तयार करून ठेवलेलं पान बदलायचं राहिलं होतं. तेवढ्यात ती जुनी तारीख बघून दोन माणसं निघालीसुद्धा. त्या बाईंनी कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि ते मी आता कधी विसरत नाही.

मग हंगाम आला. एका मोठ्या गावची लक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी भरणार होती. पै-पाहुणे, लेकी-जावई, सगळा मुलूख लोटणार होता. घरातले आम्ही सगळे गेलो. रथ हलला तेव्हा भंडारा एवढा उधळला गेला की समोरचं माणूस दिसेना. माझे केस, कानातले, आप्पांच्या मिशा, सगळं पिवळं. तेव्हाच फोन थरथरला आणि सवयीनं मी तो गर्दीतच बाहेर काढला. संदेश त्या बाईंचा होता. "दुपारपासून गर्दी खूप वाढली आहे. जागा वाढवली आहे. तुम्हाला काही करायचं नाही. जत्रा बघा."

मी तो दोनदा वाचला. मग फोन पर्समध्ये टाकला, सासूबाईंचा हात धरला आणि रथाच्या दोराला हात लावायला गर्दीत घुसले. त्या दोराला हात लागला तेव्हा डोळ्यांत पाणी का आलं, ते मला नीट सांगता येणार नाही. भंडाराही गेला असेल डोळ्यांत.

अशी साइट वाढत गेली. तिच्यावर लोकांचा भरवसा किती बसलाय याचा अंदाज मात्र आम्हाला परवापर्यंत नव्हता. निपाणीजवळच्या एका गावात आम्ही पालखीला गेलो होतो. साइटवर वेळ चारची. पोचतो तर देवळापुढं पाय ठेवायला जागा नाही. कोल्हापूरहून आलेल्या गाड्या, रजेवर आलेली फौजी पोरं, लेकुरवाळ्या बायका, सगळे पालखीकडं तोंड करून उभे. आणि देवळात पुजारी अजून धोतर बदलतोय.

"एवढी माणसं आत्ताच कशी काय?" त्यानं घाबरून विचारलं.

"साइटवर चार लिहिलंय!" पाच-सहा जण एकदम ओरडले.

"कुणी लिहिलं चार? पालखी सहाला निघती आमची, बापजाद्यापासनं!"

आप्पा पुढं सरकले. "तुम्हीच सांगिटलंसा की हो फोनवर, चार म्हणून."

"आवो, चार सांगिटलं की लोक सहापतोर जमत्यात म्हणून सांगिटलं! चारला कुणी येतंय व्हय कवा?"

सगळे हसले, पण हलेना कुणी. पंच मंडळी बाजूला जाऊन बोलली. ऊन बघितलं, गर्दी बघितली, आणि कुणीतरी म्हणालं, "चला, उचला." त्या गावची पालखी पहिल्यांदाच सांगितल्या वेळेला निघाली. ती वेशीपाशी पोचली तेव्हा कुठं वाजंत्रीवाले आले. सहाच्या हिशोबानं निवांत जेवून निघालेले, समोर पालखी चालताना बघून ते गडबडले आणि गळ्यात ढोल अडकवून पळत सुटले. पळता पळताच त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि आप्पा टोपी हातात घेऊन त्यांच्या पुढं नाचायला लागले.